वीजमीटर बाबांच्या नावावर

उमरोळीला आमच्या घरासमोरच्या रस्त्याचं काम निघालं आणि दिवसभर धुरळा उडायला लागला. आईला दमा आहे. डॉक्टरांनी खिडक्या बंद ठेवायला सांगितल्या. आमच्याकडे होळीनंतर बंद खिडक्यांच्या घरात बसवत नाही, म्हणून एसी घेतला, आणि एसी आला तसं लाइट बिल वाढलं. मी बोईसरला औषधांच्या कारखान्यात, लॅबमध्ये काम करते. माझ्याबरोबरच्या एकीने पालघरच्या तिच्या घरावर सोलार बसवलं होतं. तिनेच मला तिच्या कंत्राटदाराचा नंबर दिला.

तो रविवारी आला. गच्चीवर उभं राहून त्याने मोबाइलवर दिशा पाहिली, दक्षिणेकडची बाजू मोकळी आहे, झाडाची सावली नाही, जागा एकदम चांगली आहे म्हणाला. मला बरं वाटलं. खाली येऊन खुर्चीत बसल्यावर त्याने बिल मागितलं आणि वरचं नाव वाचलं.

"हे कोण?"

"माझे वडील."

"मग अर्ज त्यांचाच करायचा, ताई. ज्याच्या नावाचं बिल, तोच अर्जदार. सबसिडीही त्यांच्याच खात्यात येणार. त्यांचं आधार आणि पासबुक काढून ठेवा, कराराला सही लागेल."

आई चहा घेऊन आली होती. तिने कप टेबलावर ठेवले आणि आत गेली.

"ते इथं राहत नाहीत," मी म्हणाले.

"वारले का?"

"नाही. बेटेगावला असतात."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग चहाकडे.

मी बारावीला होते तेव्हा बाबा घर सोडून गेले. बेटेगावात एका बाईबरोबर खोली घेऊन राहायला लागले. उमरोळीहून बोईसर पुढचंच स्टेशन, तिथून रिक्षाने थोडं अंतर. पण तेवढं अंतर इतक्या वर्षांत इकडून कोणी गेलं नव्हतं आणि तिकडून कोणी आलं नव्हतं. त्यांनी काही पाठवलं नाही, आम्ही मागितलं नाही. कधी बोईसरच्या बाजारात लांबून दिसले तर मी रस्ता बदलायचे.

घराचं प्रकरण वेगळंच होतं. जागा माझ्या आजोबांची, म्हणजे आईच्या वडिलांची. त्यांनी आपल्या वाडीच्या कडेचा तुकडा लेकीला दिला, पण पंचायतीत नाव जावयाचं लावलं. तेव्हा तशीच रीत होती. वरचं बांधकाम बाबांनी कारखान्यातल्या पगारातून केलं. त्यामुळे घर कोणाचं, हा प्रश्न आमच्या घरात कोणी तोंडाने काढत नसे. आता उमरोळीतल्या जागांचे भाव चढले होते. मोटरसायकलवरून माणसं यायची आणि फाटकातूनच विचारायची, "विकायचं आहे का?" आई नाही म्हणायची आणि आत येऊन कडी लावायची.

कंत्राटदार गेल्यावर ती म्हणाली, "राहू दे तुझा सोलार. झोपलेल्या माणसाला कशाला उठवते? उद्या उठून म्हणेल, घर माझा हाय."

"आधी मीटर तुझ्या नावावर करून घेऊ. मग त्यांचा संबंधच उरत नाही."

"आणि त्यांना कळल्याशिवाय होईल ते?"

मला वाटत होतं, होईल. कंत्राटदार फाटकाबाहेर हळू आवाजात म्हणाला होता, "सही काय, कोणीही करतं. त्यांच्या आधारची झेरॉक्स आहे ना घरात?" मी त्याला तिथंच थांबवलं. आमच्या लॅबमध्ये दुसऱ्याच्या जागी सही केली म्हणून एकाची नोकरी गेलेली मी पाहिली होती. मला सरळ मार्गानेच करायचं होतं, फक्त गुपचूप.

दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये बसून मी वीज कंपनीच्या साइटवर नाव बदलण्याचा अर्ज उघडला. ग्राहक क्रमांक टाकला, आईचं नाव टाकलं, पुढचं बटण दाबलं. नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे, असं आलं. बिल मीच भरत असे, म्हणून मी माझाच फोन हातात धरून वाट पाहत राहिले. मग स्क्रीनवर दाखवलेले नंबरचे शेवटचे आकडे वाचले. ते माझे नव्हते. लहानपणी पाठ केलेला तो नंबर मी अजून विसरले नव्हते.

मी साइट बंद केली, जणू बंद केल्याने गेलेला मेसेज परत येणार होता. ताटातला भात तसाच राहिला. थोड्या वेळाने फोन वाजला.

"मी बोलतोय."

नाव सांगायची गरज नव्हती. माझा नंबर त्यांनी गावात कोणाकडून तरी मिळवला असणार.

"मला कसला तरी नंबर आलाय. मीटरचं नाव बदलायचा म्हणून. घर विकताय का?"

"नाही."

"मग?"

मी सांगितलं. सोलार, सबसिडी, बिलावरचं नाव. बोलताना मी त्यांना बाबा म्हटलं नाही, दुसरंही काही म्हटलं नाही. पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"रविवारी येतो," ते म्हणाले. "बघू."

येऊ नका, असं म्हणायला हवं होतं की नको, हे ठरायच्या आत फोन बंद झाला.

आईला सांगायला मला वेळ लागला. ती दारात बसून वालाच्या शेंगा सोलत होती. ऐकल्यावर तिचे हात थांबले नाहीत.

"तू बोलावलंस?"

"नाही. ते स्वतःच येतो म्हणाले."

"कशाला येतात?"

"सहीचं बघायला असेल."

"सही करायला माणूस पेन घेऊन येतो," आई म्हणाली. "बघायला येतो म्हणजे दुसरं कायतरी हाय."

त्या आठवड्यात तिने घरातलं एक कपाट आवरून काढलं. आजोबांच्या वेळचे कागद, घरपट्टीच्या पावत्या, सगळं एका पिशवीत भरून पिशवी स्वतःच्या उशाशी ठेवली. तिला धाप जास्त लागायला लागली. मी विचारलं की धुरळ्यामुळे होतंय म्हणायची.

रविवारी कंत्राटदाराला मीच बोलावलं होतं, कारण बाबांसमोर आम्ही दोघीच असू नये असं मला वाटत होतं. तो गच्चीवर टेप लावून पॅनेलची मापं घेत असताना फाटक वाजलं. बाबा थकलेले दिसत होते. केस पांढरे, शर्ट इस्त्रीचा, पण कॉलर विरलेली. त्यांच्याबरोबर एक माणूस होता. मला वाटलं, दलाल.

"आई कुठाय?" त्यांनी विचारलं.

"आत."

त्यांनी आत पाहिलं नाही. बाहेरच्या जिन्याने ते सरळ वर गेले, मागोमाग तो माणूस, त्याच्यामागे मी. वर गेल्यावर त्या माणसाने खिशातून टेप काढला आणि कठड्यापासून मापं घ्यायला सुरुवात केली. कंत्राटदार आपला टेप हातात धरून बघत राहिला. एकाच गच्चीवर दोघंजण मापं घेत होते, आणि दोघांना हवी होती ती दक्षिणेकडचीच बाजू.

"हे कोण?" मी विचारलं.

"गवंडी हायत," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, "हे बघ, मी सही देतो. कुठं पाहिजे तिथं देतो. पण इथं मला एक खोली काढायची. बाहेरून जिना हायच. तुमच्यात यायचं नाय मला."

"बेटेगावची खोली?"

"मालक खाली करा म्हणतोय. आणि ती गेली वापीला, तिच्या पोराकडं. येणार नाय आता." ते कठड्याला टेकले. "मी बांधलंय हे. स्लॅब पडला त्या दिवशी सकाळपासून पाणी मारत होतो मी."

कंत्राटदार घसा खाकरून म्हणाला, "काका, इथं खोली झाली तर पॅनेलवर सावली पडणार. मग परवानगी मिळून उपयोग नाही."

"मग तुमी पलीकडं लावा."

"पलीकडे ऊन नाही ना, काका."

गवंड्याने टेप गुंडाळायचा की नाही, या विचारात तो तसाच धरून ठेवला होता. मी मनात हिशेब करत होते. एक खोली. वेगळा जिना. एक म्हातारा माणूस. सही मिळेल, घराचा प्रश्नही कदाचित शांत होईल. पॅनेलचं नंतर बघता येईल. मी हो म्हणायच्या अगदी जवळ आले होते, तेवढ्यात जिन्यावर आईची धाप ऐकू आली.

ती कधी गच्चीवर येत नाही, जिना तिला झेपत नाही. वर येऊन ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. श्वास जागेवर यायला तिला बराच वेळ लागला, आणि तोवर आम्ही सगळे नुसते थांबलो. इतक्या वर्षांनी दोघं एकमेकांसमोर उभी होती आणि ती श्वास घेत होती, एवढंच चाललं होतं.

मग ती गवंड्याला म्हणाली, "दादा, मोजू नका."

बाबा म्हणाले, "अगं, मी खाली येत नाय. वरच्या वर..."

"ऐकलं मी. खालपर्यंत ऐकू येतं." तिचा आवाज चढला नव्हता. "सही करायची तर करा. नसेल करायची तर राहू दे. बिल आम्ही भरत आलो, पुढं पण भरू. पण वर कोण राहायला येणार नाय."

"घरावर माझं नाव हाय."

"हाय ना. मग कोर्टात जा. तिथं मी पण येईन."

बाबांनी गवंड्याला खूण केली. जाताना ते जिन्याच्या तोंडाशी आले तेव्हा आई बाजूला सरकली, इतकी की त्यांच्या शर्टाचाही स्पर्श होऊ नये. फाटक लागल्याचा आवाज आला. कंत्राटदार म्हणाला, "ताई, तुमचं घरातलं मिटलं की फोन करा," आणि तोही गेला.

त्या दिवशी मी आईशी भांडले. एवढ्या वर्षांनी माणूस आला, राहिला असता कोपऱ्यात, तुझं काय बिघडलं असतं, आता तो सही तर देणार नाहीच, वर घर मागेल, असं बरंच काही बोलले. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "तू दिवसभर बोईसरला असतेस. घरात मी असते."

मी उठून फाटकाला कडी लावून आले.

पुढच्या आठवड्यात मी वीज कंपनीच्या कार्यालयात गेले. तिथल्या इंजिनिअर मॅडम माझ्यापेक्षा लहान असतील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसरा रस्ता सांगितला. राहणाऱ्या माणसाचा पुरावा असेल, घरपट्टी तोच भरत असेल, तर हमीपत्र देऊन अर्ज करता येतो. पण जुन्या ग्राहकाला नोटीस जाते. त्याने मुदतीत हरकत घेतली, तर फाइल तिथंच थांबते.

"आणि नाही घेतली तर?"

"तर होतं काम. पण अशा केसमध्ये बहुतेक जण घेतात," त्या म्हणाल्या.

पंचायतीत उतारा काढला. मालकाच्या रकान्यात बाबांचं नाव होतं, भोगवटादाराच्या, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याच्या रकान्यात आईचं. कधीतरी कराची पाहणी झाली तेव्हा घरात तीच होती, म्हणून लिहिलं गेलं असणार. मी आईला सांगितलं की नोटीस गेली की मागे फिरता येणार नाही. त्यांनी हरकत घेतली तर घराचा वादही उघडा पडेल. मला वाटलं, ती म्हणेल राहू दे. तिने चष्मा मागितला आणि हमीपत्रावर सही केली.

मग वाट पाहणं आलं. फाटक वाजलं की आई पिशवीवर हात ठेवायची. एका संध्याकाळी स्टेशनवरून येताना ओळखीचा रिक्षावाला म्हणाला, "तुमच्या बाबांना पायलं पंचायतीत. घराचा उतारा काढत होते." मी घरी येऊन आईला हे सांगितलं नाही. त्याच आठवड्यात मोटरसायकलवरचा एक माणूस फाटकासमोर थांबून, उतरून, आमच्या घराचे फोटो काढून गेला. मी बाहेर येईपर्यंत तो वळणावर दिसेनासा झाला होता. तो कोण होता, ते आजही मला माहीत नाही. पण तेव्हा माझी खात्री झाली की बाबांनी घर विकायला काढलं. एका वकिलाचा नंबरही मी मिळवून ठेवला.

मुदत संपत आली असताना एक दिवस दुपारी कारखान्याच्या लॉकरमधून फोन काढला, तर मॅडमचे मिस्ड कॉल होते. मी फोन लावला.

"तुमचे वडील आलेत ऑफिसला. सकाळपासून बसलेत. कागदपत्रं घेऊन आलेत. तुम्ही येऊ शकता का?"

मी अर्धी रजा टाकली. रिक्षात मी वकिलाशी काय बोलायचं ते जुळवत होते. कार्यालयाच्या बाकावर बाबा मांडीवर प्लास्टिकची पिशवी घेऊन बसले होते. पिशवीतून उताऱ्याचा कागद दिसत होता. मी त्यांच्यापासून एक जागा सोडून बसले.

मॅडमनी दोघांना आत बोलावलं.

"मला एक सांगा," बाबांनी उतारा टेबलावर ठेवला. "मी हरकत लिहिली तर काय होतं?"

"फाइल थांबते."

"आणि नाय लिहिली तर घर तिच्या नावावर जातं?"

"नाही. मीटर जातो. मालकी आमच्याकडून बदलत नाही, ते पंचायतीचं काम."

"म्हणजे एवढं करून घर तिचं होत नाय."

"नाही, काका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाच्या काचेखाली ठेवलेल्या कॅलेंडरकडे बघत राहिले. त्यांनी कोरा कागद मागितला आणि लिहायला घेतलं. ओळ वर चढत होती. मला वाचता येत नव्हतं. मॅडमचा चेहरा बघून काही कळतंय का, ते मी पाहत होते. त्यांनी कागद घेतला, वाचला, आणि कपाळाला हात लावला.

"काका, पहिली ओळ ठीक आहे. मीटरला हरकत नाही, एवढंच हवं. खाली घराचं काय लिहिलंय? हे इथं चालणार नाही. वरचे परत पाठवतील."

मी कागद ओढून घेतला. मीटर पत्नीच्या नावे करण्यास माझी हरकत नाही. त्याखाली, घरही तिच्याच वडिलांच्या जागेवर असून त्यावर मी राहणेस येणार नाही.

"लिहिलं ते असू दे," बाबा म्हणाले.

"मी नाही घेऊ शकत. दुसरा लिहा, पहिल्या ओळीपुरता."

त्यांनी दुसरा कागद लिहिला आणि सही केली. मॅडम म्हणाल्या की आता मोबाइल नंबरही बदलेल, तो कोणाचा टाकू. मी माझा सांगितला.

"मग बिलाचा मेसेज मला येणार नाय," बाबा म्हणाले. ते विचारत नव्हते.

"येणार नाही, काका."

"बिल आल्याचा यायचा, भरल्याचा यायचा. या उन्हाळ्यात आकडा वाढला तेव्हा वाटलं, फ्रीज नवा घेतला असंल नायतर एसी." त्यांनी पिशवीला गाठ मारली. "बरं."

बाहेर टपरीवर त्यांनी दोन चहा सांगितले. मी नको म्हणाले नाही. केळव्याला सुपारीच्या वाडीत एकाने पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या आहेत, तिथं देखरेखीचं काम मिळालंय, राहायची सोय आहे, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, "मग हरकत घ्यायला आला नव्हतात, तर सकाळपासून का बसलात?"

"घ्यायलाच आलो होतो," ते म्हणाले. मग चहा संपवला. ग्लास ठेवताना म्हणाले, "ती नाय म्हणाली ते बरं केलं. हो म्हणाली असती तर रोज तिच्यासमोरनं जिना चढावा लागला असता."

पहिला कागद त्यांनी माझ्या हातात दिला. "चालत नाय म्हणतात. तरी दे तिला."

मी तो आईला दिला. तिने दारातल्या उजेडात नेऊन वाचला, दोनदा तरी वाचला असेल. तिने घडी घातली आणि पिशवीत इतर पावत्यांबरोबर ठेवून दिला.

"आता राहतात कुठं?"

"केळव्याला. वाडीत काम मिळालंय."

"समुद्राची हवा," ती म्हणाली. "गुडघे धरतील त्यांचे." आणि भात लावायला उठली.

पाऊस सरल्यावर पॅनेल बसली. त्याआधी लोड, म्हणजे मंजूर वीजभार, वाढवायचा अर्ज, करार, मग तपासणी. प्रत्येक टप्प्यावर मला वाटायचं, आता कुठूनतरी काहीतरी निघेल. मीटर बदलायला कंपनीची माणसं आली त्या दिवशीही मी रजा काढून घरीच थांबले होते. वायरमनने जुना मीटर काढून पायरीवर ठेवला, नवा लावला, इन्व्हर्टरचा दिवा हिरवा झाला. मॅडम फाइल घेऊन ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "ग्राहकाला बोलवा."

मी नेहमीच्या सवयीने पुढे झाले. आईने मला हाताने बाजूला केलं, चष्मा पुसला आणि खुर्ची ओढून मॅडमच्या शेजारी बसली. ती सावकाश सही करते, प्रत्येक अक्षर वेगळं काढते. मॅडम पानं उलटत होत्या आणि बोट ठेवत होत्या, इथं काकी, इथं, आणि इथं. वायरमन उन्हात ताटकळत उभा होता. मी घाईने म्हणाले, "आई, छोटी केली तरी चालते."

"राहू दे," ती म्हणाली, आणि मॅडमना विचारलं, "अजून कुठं करायची?"